अंध-पुनर्वसन क्षेत्रातील पदनामे : एका व्यवसायाची नामकथा

पाय मोडला तर कोणाकडे जावयाचे, हे खेड्यातील लहान मुलासही ठाऊक असते. दात दुखू लागला, चष्म्याचा नंबर काढावयाचा झाला, तरी कोणास फारसे विचारावे लागत नाही. परंतु काचबिंदूने किंवा मधुमेहाने एखाद्या चाळिशीतील गृहस्थाची दृष्टी गेली आणि नेत्रवैद्याने ‘आता शस्त्रक्रियेने काही साधण्यासारखे नाही’ असे सांगितले, म्हणजे त्या घरापुढे एक निराळाच प्रश्न उभा राहतो. आता जावयाचे कोणाकडे? त्या गृहस्थास पुन्हा एकट्याने रस्ता ओलांडता यावा, स्वतःच्या हाताने चहा करता यावा, नोटा ओळखून पैसे मोजता यावेत, वाचता-लिहिता यावे, यासाठी शिकविणारी माणसे जगात आहेत. त्यांचे एक शास्त्र आहे, त्यांचे अभ्यासक्रम आहेत, त्यांच्या परीक्षा होतात. अडचण अशी की, या माणसांना म्हणावयाचे काय, हे सामान्य नागरिकास माहीत नाही. आणि खरे सांगावयाचे तर, गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत त्या माणसांचे आपापसांतही यावर पुरते एकमत झालेले नाही.

पदनाम हा विषय वरवर पाहता आस्थापना शाखेच्या टिप्पणीतला वाटतो. नाव बदलले म्हणून काम बदलत नाही, असे म्हणून तो बाजूस सारण्याचा मोह होतो. पण पदनामावरून वेतनश्रेणी ठरते, कोणत्या खात्याच्या पैशातून ते वेतन द्यावयाचे हे ठरते, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे त्या पदावर कोणास घ्यावयाचे व कोणास वगळावयाचे, हेही ठरते. श्रोतेहो, या विषयात अशा वगळण्याचाच एक मोठा अध्याय आहे. अंधांना चालावयास शिकविण्याच्या व्यवसायातून कित्येक वर्षे वगळले गेले ते स्वतः अंधच. ही गोष्ट मुख्यतः अमेरिकेत घडली, कारण या व्यवसायाचे बारसे तेथेच झाले. म्हणून प्रथम तिकडचा वृत्तांत पाहणे इष्ट होईल.

घरी येणारे शिक्षक

या व्यवसायातील सर्वांत जुने पदनाम म्हणजे ‘होम टीचर’, अर्थात घरी येऊन शिकविणारा शिक्षक. त्याचा उगम इंग्लंडातला. ब्रायटन येथील विल्यम मून हे स्वतः अंध होते. तरुणपणी दृष्टी गमावलेल्या मून यांच्या लक्षात आले की, अनेक अंध माणसांच्या बोटांना तेव्हा प्रचलित असलेल्या उठावदार लिपी उलगडणे जड जाते. म्हणून त्यांनी रोमन अक्षरांचे सुटसुटीत आकार घेऊन 1845 च्या सुमारास उठावदार अक्षरांची एक लिपी तयार केली. लिपी झाली, पुस्तके झाली. परंतु जो माणूस घराबाहेरच पडू शकत नाही त्यास ती शिकविणार कोण? त्यातून घरोघर जाऊन वाचन शिकविणारे शिक्षक निघाले. ही कल्पना पुढे अटलांटिक ओलांडून गेली. 1882 मध्ये फिलाडेल्फिया येथे अशा गृहशिक्षणासाठी संस्था स्थापन झाली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील काही राज्यांनी सरकारी खर्चाने असे शिक्षक नेमण्यास प्रारंभ केला.

हे होम टीचर बहुतेक स्वतः अंध असत, आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. एखादी अंध शिक्षिका वाटाड्यास बरोबर घेऊन किंवा एकटीच आगगाडीने, घोडागाडीने गावोगाव हिंडे. वाचन शिकवी, विणकाम शिकवी, खुर्चीला वेत कसा विणावयाचा ते दाखवी, स्वयंपाकघरात उभी राहून भाजी चिरण्याची रीत सांगे. तिचे पदनाम साधे होते, वेतन बेताचे होते. परंतु घरातल्या माणसांवर तिच्या येण्याचा जो परिणाम होई, त्यास तोड नव्हती. जी बाई अंध असूनही आपल्या दारापर्यंत आली, ती आपल्या अंध मुलास किंवा पतीस काही शिकवू शकेल, हे तिने तोंड उघडण्यापूर्वीच घरच्यांना पटलेले असे. विद्यापीठाच्या कोणत्याही प्रमाणपत्राने हे साधत नाही.

‘ओरिएंटर’पासून ‘पेरिपॅटॉलॉजिस्ट’पर्यंत

दुसरे महायुद्ध हा या क्षेत्रातील मोठा टप्पा होय. युद्धात दृष्टी गमावलेले तरुण सैनिक अमेरिकेत परत येऊ लागले, तेव्हा त्यांना खुर्च्या विणावयास बसविणे शक्य नव्हते. विशीतील ही धडधाकट माणसे, त्यांना चालावयाचे होते, हिंडावयाचे होते. पेनसिल्व्हेनियातील व्हॅली फोर्ज लष्करी रुग्णालयात रिचर्ड हूव्हर नावाचे एक सार्जंट होते. लष्करात येण्यापूर्वी ते मेरीलँडच्या अंधशाळेत शिक्षक होते. अंध माणसाच्या हातातील काठी तोवर आधाराची काठी होती. आखूड, जाड, भार पेलणारी. हूव्हर यांनी ती लांब व हलकी केली आणि तिचे काम बदलले. ही काठी अंगाचा भार घेत नाही, ती जमिनीची बातमी आणते. काठीचे टोक खांद्याच्या रुंदीहून किंचित अधिक अशा कमानीत डावी-उजवीकडे फिरवावयाचे. उजवे पाऊल पुढे पडत असता टोक डावीकडे टेकावयाचे आणि डावे पडत असता उजवीकडे. त्यायोगे पुढचे पाऊल जेथे पडणार, ती जागा काठीने आधीच तपासलेली असते. खड्डा, पायरी, पदपथाची कड यांची सूचना एक पाऊल अगोदर मिळते. आंधळ्याची काठी हा आपल्याकडे आधाराचा वाक्प्रचार आहे. हूव्हर यांच्या हाती ती काठी आधार न राहता ज्ञानेंद्रिय बनली, असे म्हणावयास हरकत नाही.

आता ही काठी शिकविणाऱ्यास म्हणावयाचे काय? लष्करात त्यांना ‘ओरिएंटर’ म्हणत. आंधळ्या सैनिकास त्याच्या जागेचे, दिशेचे, परिसराचे भान आणून देणारा, असा त्याचा अर्थ. त्यात गुरू-शिष्यापेक्षा सोबत्याचा भाव अधिक होता. 1948 मध्ये शिकागोजवळील हाइन्स येथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात अंधांचे पुनर्वसन केंद्र उघडले, तेव्हा तेथील पहिल्या शिक्षकांनाही हेच नाव लागले. या केंद्राचे प्रमुख रसेल विल्यम्स हे होते. फ्रान्समधील लढाईत 1944 मध्ये त्यांची दृष्टी गेली होती. व्हॅली फोर्ज येथे ते आधी रुग्ण आणि मग तेथेच सल्लागार म्हणून राहिले, व तेथून हाइन्सला आले. केंद्राचा प्रमुख अंध, ही बाब ध्यानात ठेवावयास हवी, कारण पुढच्या कथाभागात तिचा संबंध येतो.

‘ओरिएंटर’ हे नाव फार काळ टिकले नाही. लष्कराबाहेरील नागरी अंधांनाही ही विद्या मिळावी, अशी मागणी होऊ लागली, आणि त्यासाठी शिक्षक तयार करणारे अभ्यासक्रम हवे होते. 1959 मध्ये अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड या संस्थेच्या पुढाकाराने तज्ज्ञांची परिषद भरली. हे शिक्षण पदवीनंतरच्या पातळीवर विद्यापीठात द्यावे, असे तिने ठरविले. त्याप्रमाणे 1960 मध्ये बोस्टन कॉलेजमध्ये आणि 1961 मध्ये मिशिगन राज्यातील वेस्टर्न मिशिगन विद्यापीठात अभ्यासक्रम सुरू झाले. येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांनाच कित्येक तास काठीने शहरभर हिंडावयास लावीत. ही प्रथा आजही चालू आहे आणि ती योग्यच आहे.

बोस्टन कॉलेजने आपल्या पदवीधरांना नाव दिले ‘पेरिपॅटॉलॉजिस्ट’. ग्रीक भाषेत इकडे-तिकडे हिंडण्यास जे क्रियापद आहे, त्यावरून ते बनविले. ॲरिस्टॉटलच्या शिष्यपरंपरेसही याच धातूवरून नाव मिळाले आहे. हिंडण्याचे शास्त्र जाणणारा, असा या पदनामाचा अर्थ. नाव भारदस्त होते, विद्यापीठाच्या पत्रकात शोभणारे होते. पण ते उच्चारणार कोण? अंध विद्यार्थ्याच्या आईस ते म्हणता येईना; आणि ज्यास म्हणता येई, त्यास रोगचिकित्सेचे काही तरी शास्त्र असावे असा भास होई, कारण त्यात ‘पॅथॉलॉजी’चा ध्वनी डोकावत होता. वेस्टर्न मिशिगनने त्या मानाने साधे नाव पत्करले. ओरिएंटेशन म्हणजे आपण कोठे आहोत हे जाणणे, आणि मोबिलिटी म्हणजे तेथून हव्या त्या ठिकाणी जाणे. या दोहोंचा शिक्षक तो ‘ओरिएंटेशन ॲण्ड मोबिलिटी इन्स्ट्रक्टर’. पुढे ‘इन्स्ट्रक्टर’ या शब्दाच्या जागी ‘स्पेशालिस्ट’ आला. शिकणारे अंध मात्र या सर्व काळात त्यांना सरळ ‘काठीचे मास्तर’ या अर्थाच्या नावानेच ओळखीत राहिले.

ज्यांच्यासाठी व्यवसाय, त्यांनाच बंदी

1959 च्या परिषदेने आणखी एक गोष्ट ठरविली. चलनवलनाच्या शिक्षकाची दृष्टी उत्तम असली पाहिजे. कारण असे देण्यात आले की, विद्यार्थी चौकातून जात असता शिक्षकाने दुरून त्याच्यावर नजर ठेवावयाची असते, मोटार आली तर त्यास वाचवावयाचे असते. युक्तिवाद वरकरणी बिनतोड आहे. परंतु त्याचा परिणाम पाहा. होम टीचरच्या पदावर पूर्वी बहुतेक अंध माणसे होती. नव्या, प्रतिष्ठेच्या, अधिक वेतनाच्या पदाचे दार त्यांना बंद झाले. हाइन्स केंद्राचा प्रमुख अंध असू शकत होता. त्याच्या हाताखालचा काठीचा शिक्षक मात्र अंध चालत नव्हता.

या बंदीविरुद्धचा सर्वांत ठसठशीत प्रयोग आयोवा राज्यात झाला. केनेथ जर्निगन हे जन्मांध गृहस्थ 1958 मध्ये तेथील अंधांच्या आयोगाचे संचालक झाले व 1978 पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या प्रशिक्षण केंद्रात काठीने चालावयास शिकविण्याचे काम अंध शिक्षकांकडेही देण्यात आले. पद्धतही बदलली. थोडी दृष्टी शिल्लक असलेल्या प्रशिक्षणार्थींच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्यात येई. रस्ता चुकला तर शिक्षकाने लगेच हात धरावयाचा नाही; प्रश्न विचारावयाचे. ऊन कोणत्या गालावर लागते आहे? वाहनांचा आवाज कोणत्या दिशेने जातो आहे? पायाखालचा उतार कोणीकडे आहे? अंध शिक्षक विद्यार्थ्याच्या काठीचा टेका ऐकतो. टेक्याच्या तालावरून पाऊल बिचकले की काय, काठी पुरेशी पुढे आहे की नाही, हे त्यास कळते. नजर नसली तरी देखरेख असते, असा या पक्षाचा दावा.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे पूर्णपणे टाकाऊ होते, असेही नाही. बहुविकलांग बालकास किंवा ज्याचे ऐकणेही मंद झाले आहे अशा वृद्धास शिकविताना डोळस शिक्षकास काही गोष्टी सोप्या जातात, हे मान्य करावे लागेल. परंतु सोपे जाणे निराळे आणि दुसऱ्यास अपात्र ठरविणे निराळे. अंध-पंगु न्यायात आंधळा चालतो व पांगळा वाट दाखवितो. येथे आंधळ्यास चालताही येत होते व वाटही दाखविता येत होती, आणि तरीही त्यास खांद्यावर बसलेला कोणी तरी हवाच, असा आग्रह धरला गेला. हा आग्रह व्यवसायाच्या सुरक्षिततेपेक्षा व्यवसायाच्या प्रतिष्ठेसाठी अधिक होता, असे त्या काळातील चर्चेवरून वाटल्यावाचून राहत नाही.

1990 मध्ये अमेरिकेत विकलांगांबाबतचा भेदभाव मना करणारा कायदा झाला. त्यानंतरच्या दशकात दृष्टीची अट प्रमाणपत्राच्या नियमांतून गळून पडली. त्याच सुमारास लुइझियाना टेक विद्यापीठात अंध उमेदवारांनाही मुक्त प्रवेश देणारा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि त्या परंपरेतील शिक्षकांसाठी प्रमाणपत्र देणारे एक वेगळे मंडळही पुढे निघाले. आज अमेरिकेत चलनवलनाच्या शिक्षकास दोन निरनिराळ्या मंडळांकडून प्रमाणपत्र घेता येते. नावे जवळजवळ सारखी, पण दोहोंच्या मुळाशी असलेले तत्त्वज्ञान बरेच वेगळे. एवढ्याशा व्यवसायात दोन प्रमाणपत्रे कशाला, असे बाहेरचा माणूस विचारील. वरील इतिहास ठाऊक असेल तर तो विचारणार नाही.

शिक्षक की थेरपिस्ट?

जुन्या होम टीचरचे पुढे काय झाले? 1960 च्या दशकात त्यांच्यासाठीही विद्यापीठीय अभ्यासक्रम निघाले आणि पदनाम ‘रिहॅबिलिटेशन टीचर’ असे झाले. हे नाव चांगले तीस-चाळीस वर्षे चालले. ब्रेल, घरकाम, हस्ताक्षर, औषधांच्या बाटल्यांना खुणा करणे, पुढे संगणकही, हे सर्व तेच शिकवीत. मग एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचे नाव पुन्हा बदलले आणि ते ‘व्हिजन रिहॅबिलिटेशन थेरपिस्ट’ झाले.

या बदलामागे पैशाचा प्रश्न होता. अमेरिकेत वृद्धांच्या वैद्यकीय खर्चासाठी ‘मेडिकेअर’ ही सरकारी विमा योजना आहे. दृष्टी मंद झालेल्यांत मोठा भरणा वृद्धांचाच. मेडिकेअर थेरपिस्टला पैसे देते, शिक्षकाला देत नाही. हात मोडलेल्या रुग्णास पुन्हा कामास लावणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने मंददृष्टीच्या वृद्धास स्वयंपाक शिकविला, तर त्याचे बिल मंजूर होते. तेच काम आयुष्यभर केलेल्या रिहॅबिलिटेशन टीचरने केले तर होत नाही. तेव्हा ‘टीचर’ जाऊन ‘थेरपिस्ट’ आला. 2000 मध्ये स्थापन झालेल्या प्रमाणपत्र मंडळाने तीन पदनामे रूढ केली होती : चलनवलनाचा विशेषज्ञ, दृष्टी-पुनर्वसनाचा थेरपिस्ट आणि शिल्लक दृष्टीचा उपयोग करावयास शिकविणारा ‘लो व्हिजन थेरपिस्ट’. 2006 ते 2011 या पाच वर्षांत मेडिकेअरने निवडक भागांत या तिघांनाही योजनेत घेऊन पाहिले. प्रयोग संपला आणि त्यांचा कायमचा समावेश काही झाला नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी त्या बिचाऱ्या थेरपिस्टांची अवस्था झाली.

पैशाची बाजू सोडली तरी या नामांतरात एक तत्त्वाचा प्रश्न राहतोच. थेरपी म्हणजे उपचार. उपचार रोगावर होतो. ज्याची दृष्टी गेली ती परत येणार नाही हे निश्चित झाल्यावरच हा सारा व्यवसाय सुरू होतो. मग उपचार कशाचा? कौशल्य शिकविणे हे शिक्षण आहे, आणि शिकणारा हा विद्यार्थी आहे, रुग्ण नव्हे. ज्यास रुग्ण म्हटले त्याच्या घरची माणसे त्यास झोपवून ठेवतात; ज्यास विद्यार्थी म्हटले त्याच्याकडून गृहपाठाची अपेक्षा करतात. आपल्याकडील घरांचा अनुभव लक्षात घेता हा भेद केवळ शाब्दिक मानता येणार नाही. आपल्या कुटुंबात अंध व्यक्तीस प्रेमापोटीच पाण्याचा पेलाही उचलू देत नाहीत.

भारतातील नोंदवही

भारतात दृष्टी गमावलेल्या प्रौढांच्या पुनर्वसनाचा सरकारी पातळीवरील आरंभही युद्धातूनच झाला. 1943 मध्ये डेहराडून येथे युद्धात अंध झालेल्या भारतीय सैनिकांसाठी वसतिगृह निघाले. त्याचे प्रमुख सर क्लूथा मॅकेंझी हे न्यूझीलंडचे होते आणि पहिल्या महायुद्धात, गॅलिपोलीच्या रणांगणावर, त्यांचीही दृष्टी गेली होती. 1950 मध्ये केंद्र सरकारने तेथे प्रौढ अंधांसाठी प्रशिक्षण केंद्र चालविण्यास घेतले, आणि त्यातूनच आजची डेहराडूनची राष्ट्रीय संस्था वाढली. मुंबईत त्यापूर्वीच, 1900 मध्ये, ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी अंधशाळा सुरू केली होती. ती आज दादर येथे अंध मुलींची शाळा म्हणून चालते. 1952 मध्ये राष्ट्रीय अंध संघटनेचीही स्थापना मुंबईतच झाली. आपल्या अंधशाळांतून संगीताचे, ब्रेलचे, हस्तव्यवसायाचे शिक्षक स्वतः अंध असण्याची परंपरा जुनी आहे, आणि त्यांना ‘गुरुजी’ किंवा ‘सर’ यापलीकडे पदनामाची गरज कधी भासली नाही.

गरज भासली ती कायद्यास. पुनर्वसनाच्या क्षेत्रात कोणीही उठून शिक्षक किंवा तंत्रज्ञ म्हणवून घेऊ लागला, तर विकलांगांची फसगत होईल, या विचाराने 1992 मध्ये संसदेने भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा केला. तो 1993 पासून अमलात आला. परिषदेने एक केंद्रीय नोंदवही ठेवावी, तीत नाव असल्याशिवाय कोणी या क्षेत्रातील व्यावसायिक म्हणून काम करू नये, असा त्याचा आशय. नियमभंग करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. कायद्याच्या व्याख्येत आणि नंतरच्या अधिसूचनेत मिळून सोळा प्रकारच्या व्यावसायिकांची यादी आहे. तीत विशेष शिक्षक आहेत, व्यवसाय-मार्गदर्शक व नोकरी मिळवून देणारे अधिकारी आहेत, पुनर्वसन क्षेत्रातील समाजकार्यकर्ते आहेत, समाजाधारित पुनर्वसनाचे व्यावसायिक आहेत आणि ‘ओरिएंटेशन ॲण्ड मोबिलिटी स्पेशालिस्ट’ हेही आहेत. व्हॅली फोर्जच्या रुग्णालयात जन्मलेला व्यवसाय अशा रीतीने भारताच्या कायद्यात नावासह येऊन बसला.

प्रत्यक्षात मात्र केवळ चलनवलन शिकविणारा स्वतंत्र शिक्षक आपल्या जिल्ह्यांत क्वचितच आढळतो. हे काम बहुधा विशेष शिक्षकाच्या अंगावर पडते. सामान्य शाळांतून अंध मुलांना शिकविण्याची केंद्राची योजना 1974 मध्ये आली. तेव्हापासून एका शाळेत बसून शिकविणारा ‘साधन शिक्षक’ आणि अनेक शाळांना भेटी देणारा ‘फिरता शिक्षक’ अशी दोन पदनामे रूढ झाली. फिरत्या शिक्षकास काही ठिकाणी ‘मोबाइल टीचर’ म्हणतात. त्यामुळे गंमत अशी होते की, जो स्वतः फिरतो तो मोबाइल टीचर आणि जो दुसऱ्यास फिरावयास शिकवितो तो मोबिलिटी टीचर, हा फरक मुख्याध्यापकांनाही समजावून सांगावा लागतो. एकास दुसरा समजून पत्रव्यवहार झाल्यास नवल नाही.

ग्रामीण भागासाठी 1980 नंतर समाजाधारित पुनर्वसनाची कल्पना पुढे आली. त्यात गावाजवळचाच एखादा शिकलेला तरुण किंवा तरुणी निवडून तिला थोड्या मुदतीचे प्रशिक्षण द्यावयाचे, आणि तिने घरोघर जाऊन अंध व्यक्तीस विहिरीची वाट, गोठ्याची वाट, अंघोळ, स्वयंपाक, दळण, दोर वळणे हे शिकवावयाचे. पदनाम ‘क्षेत्र कार्यकर्ता’ किंवा नुसतेच ‘कार्यकर्ता’. प्रतिष्ठेच्या उतरंडीत याची जागा तळाशी, मानधन तुटपुंजे. पण काम पाहिले तर ते फिलाडेल्फियातील होम टीचरचेच. शहरातील सपाट पदपथासाठी घडलेली काठीची रीत शेताच्या बांधावर, चिखलात, गुरांच्या वाटेवर जशीच्या तशी चालत नाही. बांधावर काठीची कमान आखूड करावी लागते, चिखलात ती घसरत न नेता उचलून टेकावी लागते. हे सर्व त्या कार्यकर्त्यास कोणत्याही विद्यापीठाने शिकविलेले नसते. ते तो कामातूनच शिकतो.

मराठीत या पदनामांना अद्याप सर्वमान्य प्रतिशब्द नाहीत. ‘दिशाज्ञान व चलनवलन प्रशिक्षक’ हा शब्दसमूह अर्थाच्या जवळ जातो, पण लांब आहे. ‘गतिशीलता’ म्हटले की यंत्राची आठवण होते. आपल्या भाषेने पूर्वी अंधांसाठी ‘प्रज्ञाचक्षू’ हा शब्द आदराने वापरला. विदर्भातील संत गुलाबराव महाराजांच्या नावामागे तो कायमचा जोडला गेला. पण तो एका व्यक्तीच्या प्रज्ञेचा गौरव होता. शिकविणाऱ्याच्या विद्येचे नाव अजून घडावयाचे आहे.

तोवर ज्या घरात हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला आहे, त्यांनी काय विचारावयाचे, हे सांगणे उपयोगाचे होईल. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घेतानाच तेथील अधिकाऱ्यांकडे किंवा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे तीन गोष्टींची स्वतंत्रपणे चौकशी करावी. पांढऱ्या काठीने चालावयास कोण शिकवितो? ब्रेल, मोबाइलवरील बोलके वाचन व घरकाम कोण शिकवितो? शिल्लक दृष्टी असल्यास तिचा उपयोग भिंगांच्या व इतर साधनांच्या साहाय्याने कसा करावयाचा, हे कोण दाखवितो? एकच माणूस तिन्ही कामे करील किंवा तीन निराळ्या व्यक्ती कराव्या लागतील. त्यांच्या दारावरची पाटी काहीही असो. पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत त्यांचा क्रमांक आहे किंवा कसे, तो कोणत्या प्रकाराखाली आहे, आणि त्यांनी यापूर्वी प्रौढ वयात दृष्टी गेलेल्या किती व्यक्तींना शिकविले आहे, हे विचारण्यास संकोच करू नये. शिक्षक स्वतः अंध असल्यास त्यांच्याबरोबर एकदा बाजारापर्यंत चालत जाऊन यावे.